गांवास न पुसतां

८ सप्टेंबर २०२५ रोजीं केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें एक कार्यालयीन ज्ञापन काढलें. १९५७ च्या खाणविषयक कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत अणुखनिजें आणि महत्त्वाचीं व सामरिक खनिजें म्हणून ज्यांची गणना केली आहे, त्यांच्या खाणींस पर्यावरणविषयक मंजुरी देतांना लोकांचें मत घेण्याचें कारण यापुढें राहिलें नाहीं, असा त्या ज्ञापनाचा आशय आहे. अशा खाणींचा विचार, त्यांचें क्षेत्र लहान असो वा मोठें, दिल्लींतच व्हावयाचा. आणि ज्या गांवाच्या शिवारांत ती खाण पडावयाची, त्या गांवास मात्र कोणी कांहीं पुसावयाचें नाहीं. संरक्षण खातें व अणुशक्ति खातें यांनीं तशी मागणी केली होती, ती मान्य झाली. कायदेमंडळांत वाद नाहीं, ठराव नाहीं, मतदान नाहीं. एका कागदानें काम झालें. राज्यकारभारांतील मोठ्या गोष्टी पुष्कळदां अशा लहान कागदांवरूनच घडतात, आणि म्हणूनच असल्या कागदांकडे सुशिक्षित वर्गानें अधिक बारकाईनें पाहणें अवश्य आहे.

त्या यादींत खनिजें अनेक आहेत. आम्ही येथें मुख्यत्वेंकरून युरेनियमचा विचार करणार आहों. कारण सर्व खाणींत युरेनियमच्या खाणीचा अवशेष अत्यंत दीर्घकाळ धोक्याचा राहतो. आणि परिणाम जेथें सर्वांत दीर्घ तेथेंच विचारपूस मुळींच नाहीं, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. आमची भूमिका आरंभींच सांगून टाकतों. युरेनियम काढूंच नये, अणुशक्ति नकोच, असें प्रतिपादन करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. त्या विषयावर विचारी माणसांत मतभेद आहेत व पुढेंहि राहतील. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ज्याच्या विहिरीचें पाणी, ज्याच्या शेताची माती आणि ज्याच्या मुलाबाळांचें आरोग्य पणास लावावयाचें, त्यास आधीं विचारावयाचें कीं नाहीं, एवढाच तो प्रश्न आहे.

जें काढून घेतलें तें काय होतें, हें प्रथम पाहूं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनें लोकमत घेण्याचे दोन मार्ग घालून दिले होते. एक, प्रकल्पाच्या जागीं किंवा तिच्या अगदीं जवळ भरावयाची जनसुनावणी. दुसरा, ज्यांचा संबंध पोंचतो अशा कोणींहि पाठवावयाचे लेखी आक्षेप. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधीं वृत्तपत्रांतून द्यावयाची, त्यांपैकीं एक पत्र स्थानिक भाषेचें असावयाचें. पर्यावरणावरील आघातांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत करून गांवकऱ्यांस पाहण्यास ठेवावयाचा. सभेस जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधि अध्यक्ष. बोलणाऱ्याचें बोलणें टिपून घ्यावयाचें, सबंध सभेचें चित्रण करावयाचें, आणि जे आक्षेप निघतील त्यांचें उत्तर खाण मागणाऱ्यानें अहवालांत द्यावयाचें. बस्स, इतकेंच. गांवानें नको म्हटलें म्हणजे खाण थांबे असें नाहीं. सभेस किती माणसें असावींत याचेंहि बंधन नव्हतें. दहा माणसें आलीं तरी सुनावणी झाली, आणि दहा हजारांनीं विरोध केला तरीहि सुनावणी झालीच.

या पद्धतीचें आम्ही स्तोत्र गात नाहीं. मांडवाच्या पुढल्या रांगा कंत्राटदारांच्या माणसांनीं आधींच भरलेल्या, भोंवतीं पोलिसांचें कडें, टेबलावर इंग्रजी अहवालाची जाडजूड चळत, आणि मागें उभ्या राहिलेल्या म्हातारीच्या हातीं ध्वनिवर्धक येतो न येतो तोंच वेळ संपल्याची सूचना. असा देखावा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या सभांचा पोकळपणा निराळा सांगावयास नको. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत, जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठीं १६ मे २०१० रोजीं माडबन येथें सुनावणी भरली, तेव्हां मराठी अहवाल सर्व गांवांस वेळेवर मिळाला नाहीं, ही ग्रामस्थांची मुख्य तक्रार होती. तेव्हां सुनावणी अपुरी होती, दुबळी होती, कित्येकदां नुसतें नाटकच होती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दुबळ्या माणसास औषध द्यावयाचें असतें, त्याचा गळा दाबावयाचा नसतो. ज्या सभेंत सरकारी अधिकाऱ्यास शेतकऱ्यासमोर बसून त्याच्या भाषेंत त्याचें म्हणणें ऐकून घेणें भाग पडे अशी ही जवळजवळ एकच जागा होती. ती नीट करण्याऐवजीं ती मोडून टाकणें हा सुधारणेचा कोणता प्रकार?

आणि दुबळी असली तरी सुनावणी अगदींच निष्फळ नव्हती. नळगोंडा जिल्ह्यांतील लंबापूर-पेद्दगट्टू येथें युरेनियमची खाण काढण्याचा बेत होता. ही जागा कृष्णेवरील नागार्जुनसागर जलाशयाच्या अगदीं निकट. आणि हैदराबादच्या पिण्याच्या पाण्याचा त्या जलाशयाशीं संबंध. १९ ऑगस्ट २००३ रोजीं तेथें सुनावणी झाली आणि लोकांनीं प्रचंड विरोध केला. त्या दिवसापर्यंत हा एका तांड्याचा व दोनचार गांवांचा प्रश्न समजला जात होता. सुनावणीनंतर तो सबंध शहराच्या पाण्याचा प्रश्न झाला. कोणत्याहि तज्ज्ञाच्या खोलींत बसून हें झालें नसतें. जी गोष्ट नकाशावर जलाशयाची एक निळी रेघ होती, ती सुनावणींत तहानेची गोष्ट झाली.

मेघालयांतील खासी टेकड्यांची कथा याहून बोधप्रद आहे. डोमियासियाटच्या परिसरांतील युरेनियमसाठीं १२ जून २००७ रोजीं नोंगबा जिनरिन येथें सुनावणी भरली. विरोध मोठा झाला. तथापि त्याच वर्षअखेर केंद्राची पर्यावरण-मंजुरी मिळाली. म्हणजे सुनावणी खाणीच्या आड आलीच नाहीं. आड आलें तें निराळेंच. तेथील जमीन सरकारची नव्हे, तेथल्या कुळांची व कुटुंबांची आहे. आणि ती जमीन ज्यांच्याकडे होती त्यांपैकीं स्पेलिटी लिंगडोह लांग्रिन नांवाच्या एका वृद्ध स्त्रीनें, मोठा मोबदला समोर ठेवला असतांहि, ती देण्याचें साफ नाकारलें. त्या २०२० सालीं निवर्तल्या; त्यांनीं जमीन शेवटपर्यंत दिली नाहीं. ही बाई शास्त्रज्ञ नव्हती, पुढारी नव्हती. एवढें मात्र तिला पक्कें ठाऊक होतें कीं जमीन एकदां उकरली म्हणजे पैसा परत करून ती पूर्ववत् होत नाहीं.

आतां सरकारपक्षाचीं कारणें पाहूं. पहिलें कारण राष्ट्राच्या संरक्षणाचें. २००६ च्या अधिसूचनेंतच अशी एक फट ठेविलेली होती कीं राष्ट्राचें संरक्षण व सुरक्षितता यांच्याशीं संबंध असलेल्या, किंवा केंद्र सरकार ज्यांस सामरिक महत्त्वाचे ठरवील अशा प्रकल्पांस लोकमताची अट लागूं नये. त्या फटींतूनच आतां सगळी खाण बाहेर नेली आहे. संरक्षणाचें नांव काढतांच मान खालीं घालण्याची आपल्याकडे रीत आहे; परंतु क्षणभर मान वर करून विचार करावा. युरेनियम कोठें आहे हें गुपित आहे काय? झारखंडच्या सिंगभूमांत, आंध्राच्या कडप्पांत, मेघालयाच्या टेकड्यांत तें आहे हें सरकारचींच प्रकाशनें सांगतात. सुनावणींत गांवकरी काय विचारतो? बाँब किती आहेत हें तो विचारीत नाहीं. तो विचारतो कीं दगडाच्या भुग्याचा गाळ कोठें सांठविणार, त्या तलावाच्या तळास अस्तर घालणार कीं नाहीं, पावसाळ्यांत तो भरून वाहिला तर पाणी कोणत्या ओढ्यास मिळणार, नळ फुटला तर आम्हांस कोण कळविणार. यांतील कोणत्या प्रश्नाच्या उत्तरानें शत्रूचा फायदा होतो? उलट हीं उत्तरें ज्या गांवास मिळत नाहींत, तेथें सरकारविषयीं जो अविश्वास माजतो, त्याहून राष्ट्राच्या सुरक्षिततेस अपायकारक दुसरें काय असूं शकतें?

गांवकऱ्याचे हे प्रश्न किती रास्त आहेत हें समजण्यासाठीं खाणींत काय घडतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्याकडील युरेनियमचा दगड हिणकस. सिंगभूमच्या हजार किलो दगडांतून एक किलोहि युरेनियम निघत नाहीं. म्हणजे जवळजवळ सगळा दगड दळून, रसायनांत भिजवून, गाळाच्या रूपानें तेथेंच टाकून द्यावयाचा. बरें, युरेनियम गेलें म्हणजे विष गेलें असेंहि नाहीं. मूळ दगडांतील किरणोत्सर्गापैकीं सुमारें ८५ टक्के त्या गाळांतच राहतो. कारण युरेनियमचीं अपत्यें, थोरियम, रेडियम वगैरे, मागेंच राहतात. रेडियमपासून रेडॉन नांवाचा वायु निघतो. तो दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध निःसंशय सिद्ध झालेला आहे. रेडियमचें अर्धें आयुष्य सुमारें १,६०० वर्षांचें. अजिंठ्याच्या शेवटल्या लेण्यांत चितारी रंग कालवीत होते त्या काळीं कोणी रेडियम पुरून ठेविलें असतें, तर त्यांतलें अर्धें आजहि शिल्लक असतें. आणि हा हिशेबहि उदार आहे. गाळांतील ज्या थोरियमपासून नवें रेडियम निपजत राहतें, त्याचें अर्धें आयुष्य सुमारें ७५,००० वर्षें आहे. वाकाटकांचें राज्य गेलें, यादवांचें गेलें, पेशवाई गेली, इंग्रजी गेली. असल्या पदार्थावर पहारा ठेवण्याची हमी कोणतें खातें देणार? शेंकडों पिढ्यांवर ओझें लादणारा निर्णय घ्यावयाचा, आणि आज डोळ्यांसमोर हयात असलेल्या एका पिढीसहि तो विचारावयाचा नाहीं, हें धाडस आम्हांस अमानुष वाटतें.

हें सर्व पुस्तकी भय आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें जादुगोड्याचा इतिहास पाहावा. तेथें १९६७ सालीं सरकारी युरेनियम कंपनी स्थापन झाली. भोंवतालीं वस्ती संताळ, हो इत्यादि आदिवासींची. त्या काळीं जनसुनावणी हा शब्दच नव्हता. अर्थात् कोणासहि कांहीं विचारलें गेलें नाहीं. २४ डिसेंबर २००६ रोजीं गाळ वाहून नेणारा नळ डुंगरीडीह गांवाजवळ फुटला आणि तो गाळ ओढ्यांत गेला. मुलांत जन्मतः व्यंगें अधिक दिसतात, असें डॉक्टरांच्या एका संघटनेच्या पाहणींत निघालें. सरकारी शास्त्रज्ञांनीं तें साफ अमान्य केलें. सर्वोच्च न्यायालयांत अर्ज गेला. सरकारतर्फेच योग्य ती काळजी घेतल्याचें प्रतिज्ञापत्र आलें, आणि २००४ सालीं अर्ज निकालांत निघाला. यांत कोण खरा व कोण खोटा याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. तो करण्याची साधनेंच जनतेजवळ नाहींत, हाच तर आमचा मुद्दा आहे. मोजणारा तोच, मोजमाप राखून ठेवणारा तोच, आणि त्या मोजमापानें ज्याचें वर्तन पारखावयाचें तोहि तोच. मग वाद मिटावा तरी कसा? ज्या प्रश्नावर आंकडेच वादग्रस्त आहेत, त्यावर तरी उघड सभेंत, दोन्ही बाजूंच्या समक्ष, उलटतपासणी व्हावयास नको काय?

परदेशचा अनुभवहि याहून निराळा नाहीं. अमेरिकेंतील नॅव्हाहो लोकांच्या मुलुखांत १९४४ पासून १९८६ पर्यंत सुमारें ३ कोटि टन युरेनियमचा दगड काढण्यांत आला, तोहि संरक्षणाच्याच नांवानें. १६ जुलै १९७९ रोजीं चर्च रॉक येथील गाळाचा बांध फुटून किरणोत्सर्गी पाणी नदींत शिरलें. टाकून दिलेल्या खाणी पांचशेंहून अधिक आजहि तेथें पडल्या आहेत. १९९० सालीं त्या देशाच्या कायदेमंडळास खाणकामगारांकरितां नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला, आणि २००५ सालीं नॅव्हाहो लोकांनीं आपल्या मुलुखांत युरेनियमच्या खाणींस बंदीच केली. श्रीमंत राष्ट्रानें न विचारतां केलेल्या कामाची किंमत अर्ध्या शतकानंतर मोजली, आणि तरी ती पुरी फिटली नाहीं. तेंच कर्ज आपण उघड्या डोळ्यांनीं काढावें काय?

सरकारपक्षाचें दुसरें कारण, उघड बोललें जात नसलें तरी मनांत असलेलें, असें कीं खेडुतास शास्त्र काय कळतें? अहवाल तयार व्हावयाचाच आहे, तज्ज्ञांची समिति तो तपासावयाचीच आहे. मग अडाण्यांची सभा कशास? अहवाल व समिति कायम आहेत हें खरें, आणि तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु तज्ज्ञास जें कळतें तें खेडुतास कळत नाहीं, हें जितकें खरें, तितकेंच खेडुतास जें कळतें तें तज्ज्ञास कळत नाहीं, हेंहि खरें. भाद्रपदांत कोणता झरा कोणत्या विहिरीस फुटतो, गुरें कोणत्या डोहावर उतरतात, कोणत्या रानांतलें कंद दुष्काळांत गांवास जगवितात, हें कोणत्या समितीस ठाऊक असतें? अहवाल लिहिणारास पैसे कोण देतो? ज्यास खाण काढावयाची आहे तोच. मग त्या अहवालाची परीक्षा, ज्याचें नुकसान व्हावयाचें आहे त्यानें करावयाची नाहीं तर कोणीं? ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण शास्त्राच्या विरुद्ध नाहीं. ती शास्त्राच्याच निरीक्षणाच्या पद्धतीस धरून आहे. तुम्मलपल्ले येथें २०१२ पासून युरेनियम काढूं लागले; तेथील गाळाच्या तलावाजवळच्या कूपनलिकांचें पाणी बिघडल्याची ओरड प्रथम कोणीं केली? त्या पाण्यावर केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनींच.

तिसरें कारण दिरंगाईचें. सुनावणीमुळें काम अडतें, म्हणून सुनावणी काढून टाकली. हा तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असा प्रकार झाला. मेघालयांत सुनावणी होऊन सहा महिन्यांत मंजुरी मिळाली, हें वर सांगितलेंच आहे. खाण आडली ती माणसांच्या नकारामुळें. आणि नकार सुनावणींत जन्मत नसतो, तो तेथें फक्त उच्चारला जातो. याचें प्रत्यंतर नल्लमलाच्या अरण्यांत आलें. तेथें अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पांत ८३ चौरस किलोमीटर क्षेत्रांत युरेनियमचा शोध घेण्यास वनसल्लागार समितीनें मे २०१९ मध्यें तत्त्वतः अनुकूलता दर्शविली. शोधाचेंच काम, म्हणून सुनावणीचा प्रश्नच नव्हता. मग काम सुरळीत झालें काय? चेंचू आदिवासींपासून हैदराबादच्या कलावंतांपर्यंत सर्वांनीं रान उठविलें, आणि १६ सप्टेंबर २०१९ रोजीं तेलंगणाच्या विधानसभेनें एकमतानें विरोधाचा ठराव केला. लोकांनीं बोलावयाची जागा काढून घेतली म्हणून लोक मुके होत नाहींत. ते रस्त्यावर बोलतात. मांडवांत जें काम एका दिवसांत व टिपून घेऊन झालें असतें, तें मग मोर्चे, लाठ्या व खटले यांच्या द्वारें वर्षानुवर्षें चालतें. याच्या उलट उदाहरण ओडिशांतील नियमगिरीचें. तेथें सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनें २०१३ सालीं बारा ग्रामसभांस विचारलें गेलें, बाराहि सभांनीं बॉक्साइटची खाण नको म्हणून सांगितलें, आणि त्यामुळें राष्ट्र कांहीं बुडालें नाहीं.

हा प्रश्न सिंगभूमच्या संताळांचा व खासी टेकड्यांचा आहे, आपणां महाराष्ट्रीयांस त्याचें काय, असें म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये. एक तर अणुशक्तीचें मुख्य संशोधनकेंद्र मुंबईच्या तुर्भ्यास आहे. त्या विद्येचा अभिमान आपण बाळगतों, तर तिच्या खर्चाचा वांटा कोणाच्या पानांत वाढला जातो हें पाहण्याचें कर्तव्यहि आपल्याकडे येतें. दुसरें असें कीं अणुखनिजांच्या त्याच यादींत समुद्रकांठच्या वाळूंतील जड खनिजें आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू इल्मेनाइटची आहे, हें कोंकणच्या शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. उद्यां त्या वाळूवर कोणाची दृष्टि गेली, तर पुळणीवर मासळी वाळत घालणाऱ्या कोळणीस पुसण्याचें बंधन कोणावरहि राहणार नाहीं. शेजाऱ्याच्या घराचें दार काढून नेतांना आपण गप्प बसलों, म्हणजे आपल्या दाराविषयीं तक्रार करण्याचा अधिकार आपणच गमावतों.

आमची मागणी मोठी नाहीं. तें ज्ञापन सरकारनें मागें घ्यावें. आणि सुनावणी पूर्ववत् करूनच न थांबतां ती खरी करावी. अहवाल सबंध, केवळ सारांश नव्हे, संताळी, हो, खासी, तेलुगू, मराठी, जेथें जी भाषा असेल तींत आधीं मिळावा. सभेचा अध्यक्ष ज्यास वरून बढती मिळावयाची असा अधिकारी नसून स्वतंत्र न्यायाधीश असावा. प्रत्येक आक्षेपास लेखी उत्तर मिळावें. आणि खाण सुरू होण्यापूर्वीं गांवाच्या पाण्याचें व आरोग्याचें मोजमाप कंपनीशीं व खात्याशीं संबंध नसलेल्या माणसांनीं करून तें गांवाच्या चावडींत लावावें, म्हणजे पुढें वाद उत्पन्न झाल्यास ताडून पाहण्यास कांहीं तरी असेल. यांत खर्च थोडा आणि वेळ थोडा. जें लागतें तें एवढेंच कीं समोरच्या माणसास आपल्यासारखाच नागरिक समजण्याची तयारी.

जमीन मोजण्यापूर्वीं शेजाऱ्यास नोटीस द्यावी, विहीर खणण्यापूर्वीं भाऊबंदांस विचारावें, ही आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. हातभर बांध सरकविण्यासहि जेथें चार माणसें बोलवावीं लागतात, तेथें हजारों वर्षें न विझणारी आग शिवारांत आणून ठेवण्यास कोणाचीच अनुमति नको, असें दिल्लीचें म्हणणें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं, आणि आमच्या वाचकांनींहि तें मान्य करूं नये.